शून्याच्या वाफ्यातली पपई

धर्मपाल रामटेके वाढायला उभा राहिला की जेवणाऱ्यांनी आपलं पोट आपण सांभाळावं, असं आमच्या विहारात गमतीने म्हणतात. बुद्धपौर्णिमेला खिरीची बादली त्याच्याच हातात असते. तुम्ही नको म्हणा, पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरा, तो बोटांच्या फटीतून खीर सोडणार म्हणजे सोडणारच. नवीन माणूस चिडतो. मीही चिडायचो. मग लक्षात आलं की धर्मपालशी वाद घालण्यापेक्षा खीर खाणं सोपं आहे.

मी प्रफुल्ल, त्याचा शेजारी. रायपूरच्या उरला भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये आम्ही जवळजवळ बरोबरच लागलो, तो भट्टीपुढे आणि मी गाड्यांच्या वजनकाट्यावर, आणि रिटायरही मागेपुढेच झालो. दोघांचेही बाप भंडाऱ्याकडून पोटासाठी रायपूरला आलेले. घरं लागून, मधली भिंत एकच. आमच्या वस्तीत सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत राखाडी होतो, त्यामुळे इथे कुणी फार उजळ असल्याचा आव आणत नाही. धर्मपाल तर मुळीच नाही. बुटका, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. काही चुकलं की गप्प बसायचं, ही त्याची जुनी खोड. मिलमध्ये सळई वाकडी निघाली तर हा कुणाला न सांगता हातोडा घेऊन ती सरळ करत बसायचा, आणि साहेबाने विचारलं की जीभ टाळ्याला चिकटायची. मी म्हणायचो, "अरे, सांगून मोकळा हो ना बावा!" तो नुसती मान हलवायचा.

हा माणूस आयुष्यात एकदाच बोलका झाला, तो मुलीच्या पपईमुळे.

भावना ही त्याची आणि शांतावहिनींची एकुलती एक मुलगी. कृषी महाविद्यालयात फळझाडांवर पीएच.डी. करते. आमच्या गल्लीत पीएच.डी. म्हणजे काय हे समजावून सांगण्यातच वहिनींचं एक वर्ष गेलं. मागच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला भावनाने महाविद्यालयाच्या फार्मवर आपला प्रयोग लावला, आणि धर्मपाल चहाच्या टपरीवर भाषणं देऊ लागला.

"भाऊ, आपण पपई लावली," तो सांगायचा. 'आपण' म्हणायचा, 'भावनाने' नाही. "काही झाडं पाच फुटावर, काही सहा, काही आठ. जवळ लावली का पानं उजेडासाठी भांडते. देठ लांबत जाते, बुंधा बारीक राह्यते, खालची पानं लवकर गळते. दूर लावली का पान कसं पसरते! पण मग वावरात झाडं कमी बसते. आता सांगा, किती दूर लावाव?"

"किती?" आम्ही विचारायचो.

"तेच तर आपण पाहून राहिलो! अन् खताचं बी तसंच. जेवढं पुस्तकात सांगतलं तेवढं एकाले, त्याच्या अर्धं दुसऱ्याले, दीडपट तिसऱ्याले."

खत वाढवलं की पान हिरवंगार आणि रुंद होतं, पण फार झालं तर झाड पानातच रमतं आणि फुलायला उशीर करतं, हेही त्याने आम्हाला शिकवलं. भावना दर महिन्याला पानं मोजायची, टेपने त्यांची लांबी-रुंदी घ्यायची, देठ मापायची. कोणतं पान कोणत्या महिन्यात निघालं हे कळावं म्हणून देठांना रंगीत लोकर बांधायची. पान म्हणजे झाडाची चूल, ती केवढी आहे त्यावर घरात किती शिजणार हे कळतं, असं तिने बापाला सांगितलं होतं. ते त्याने आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं की टपरीवाला त्याला मास्तर म्हणू लागला.

एकदा मी विचारलं, "चार प्रकारचं खत म्हणत होता तू. तीनच सांगतले. चौथं कोणतं?"

"चौथं म्हणजे काईच नाई," तो म्हणाला आणि त्याने चहाचा ग्लास ठेवला. मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नाही, कोण जाणे. मला पपईत तेवढा रस नव्हता.

नोव्हेंबरात भावनाला टायफॉइड झाला. पोट्टी अंथरुणाला खिळली. तिकडे फार्मवरचे मजूर आपापल्या गावी धान कापायला गेलेले, आणि छत्तीसगडात धान कापणी आली की बाकीची कामं अडून राहतात. पपईला पाणी कोण देणार? धर्मपाल म्हणाला, मी देतो. तापातसुद्धा भावनाने त्याला बजावलं. ती मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच देते. आमच्या सगळ्यांच्याच पोरांचं तसं आहे.

"बाबा, सिर्फ़ पानी। खाद मैं ठीक होके दूँगी। और किसी चीज़ को हाथ मत लगाना।"

"हव," धर्मपाल म्हणाला.

रोज सकाळी तो स्कूटर काढायचा, उरल्याची ट्रकांची गर्दी चुकवत तेलीबांध्याच्या तलावावरून पलीकडे फार्मवर जायचा, मोटर सुरू करायचा, नळ्या तुंबल्या आहेत का ते बघायचा आणि दुपारी परत यायचा. पहिले काही दिवस त्याने खरोखरच दुसऱ्या कशाला हात लावला नाही. पण डोळ्यांना काय सांगणार? वावरभर टिनाच्या लहान लहान पाट्या होत्या. प्रत्येक वाफ्यावर खताचं प्रमाण लिहिलेलं. आणि मधूनमधून, कधी या कोपऱ्यात, कधी त्या, काही वाफ्यांवर नुसतं शून्य. त्या वाफ्यांतली पपई पिवळी. पान तळहाताहून थोडं मोठं, खालची पानं गळून पडलेली. अन् शेजारच्याच वाफ्यात दीडपटवाली झाडं छत्र्या उघडून उभी.

घरी येऊन त्याने शांतावहिनींना विचारलं, "एवढ्या मोठ्या कॉलेजात खत कमी पडलं काय?"

"मले काय मालूम," वहिनी म्हणाल्या. त्यांना पोरीच्या तापाची काळजी होती. आणि पोरीला विचारायला तो धजला नाही. आपण इतके महिने टपरीवर प्रयोग समजावून सांगतो आणि एवढी साधी गोष्ट आपल्याला कळत नाही, याची त्याला लाज वाटली. सगळ्या प्रकरणातली ही पहिली लाज. माझ्या मते तीच नडली.

आता त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगतो, कारण ते त्याने नंतर मला सांगितलं. लहानपणी सुट्टीत तो बापाबरोबर गावी गेला होता, भंडारा जिल्ह्यात. तिथे मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरी लग्न होतं. सगळ्या गावाला जेवण. यांच्या लोकांना गोठ्यापलीकडे बसवलं, तेही सगळे जेवून उठल्यावर. वाढणारा बुंदीची परात घेऊन आला, गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत आला, यांच्याकडे बघितलं आणि परत फिरला. धर्मपाल रिकाम्या पत्रावळीपुढे बसून राहिला. बाप म्हणाला, चाल. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. ते चालत घरी आले. साठी उलटली तरी ती परात परत फिरताना त्याला दिसते. विहारात हा माणूस बोटांच्या फटीतून खीर का सोडतो, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी त्याची थट्टा करत होतो, ते आठवून मलाच कसंतरी झालं.

तर त्या माणसाने ती शून्याची पाटी पाहिली. एकाच वावरात, एकाच पाण्यावर, शेजारच्याला दीडपट आणि याला ठरवून काही नाही. वर पाटी लावून काही नाही. त्यातच एके दिवशी दुसऱ्या कुठल्या विभागाची पोरं तिथून गेली. एक जण हसून म्हणाला, "किसका ट्रायल है ये? बेचारे पौधे भूखे मर रहे हैं।" धर्मपाल मोटरजवळ वाकलेला होता. तो उठून सांगू शकला असता की हे माझ्या मुलीचं आहे. तो तसाच वाकून राहिला.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. माझी शहराबाहेर थोडी शेती आहे, त्यामुळे घरात युरियाचं पोतं होतं.

"भाऊ, थोडा युरिया पाहिजे. शांताच्या गुलाबाले."

त्याने बादली पुढे केली. मी म्हटलं, "बादलीभर? एवढे गुलाब कुठी लावले, स्टेडियमात?" तो हसला. मी बादली भरून दिली आणि विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी त्याने शून्याच्या प्रत्येक वाफ्यातल्या प्रत्येक झाडाभोवती आळं उकरलं, मूठभर युरिया टाकला, माती ओढली आणि पाणी सोडलं. मूठ सगळ्यांना सारखी. पाच फुटांवरच्यालाही तेवढीच आणि आठ फुटांवरच्यालाही तेवढीच. एक झाड सुटलं नाही. शेवटच्या झाडाची माती दाबून तो उठला तेव्हा बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं, असं तो म्हणाला. घरी आल्यावर तो भरपेट जेवला.

भावना डिसेंबरात उभी राहिली. शाल गुंडाळून, बापाच्या मागे स्कूटरवर बसून फार्मवर गेली. धर्मपालला वाटलं, ती पिवळी झाडं सुधारलेली बघून खूश होईल. ती झाली. भलतीच खूश झाली. आधी तिचा विश्वासच बसेना. तिने टेप काढून मापं घेतली, परत घेतली. मग ती त्या वाफ्यात खाली बसली आणि तिने बापाला हाक मारली.

"बाबा, देखो! पाँच फ़ुट वाले ज़ीरो में थोड़ा ही बढ़ा है। पर आठ फ़ुट वाले में देखो, पत्ता आधी खाद वाले के बराबर है! बिना खाद के! मतलब जगह पूरी मिले तो जड़ें ख़ुद ढूँढ लेती हैं। बाबा, ये किसी ने नहीं लिखा है!"

धर्मपालच्या तोंडचं पाणी पळालं. तोवर त्याला वाटत होतं की आपण फक्त उपाशी झाडांना घास भरवला. त्या क्षणी त्याला कळलं की शून्य म्हणजे शून्यच राहायला हवं होतं, त्यातच सगळी गोम होती. आणि त्याने मूठ सारखी दिली होती म्हणून खोटं इतकं खऱ्यासारखं दिसत होतं. दाटीतल्या झाडांत ती मूठ वाटली गेली, मोकळ्यातल्यांना पुरली. एखादं झाड सुटलं असतं, कुठे जास्त पडलं असतं, तर पोरीला शंका आली असती. त्याने कुणावर अन्याय केला नव्हता, म्हणून ती पकडू शकली नाही.

तो संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसला आणि सगळं ओकला. गुलाबाचं ऐकून मी आधी त्याला चार शिव्या हासडल्या. मग म्हटलं, "जा, आत्ताच्या आत्ता सांग तिले. दहा पावलांवर घर आहे."

"सांगतो."

"सांगतो नाही. ऊठ."

"भाऊ, ते आज पोटभर जेवून राहिली," तो म्हणाला. "इतक्या दिवसांनी. उद्या सांगतो."

उद्या त्याने सांगितलं नाही. परवाही नाही. भावनाने ही गोष्ट आईला सांगितली, मैत्रिणींना फोन करून सांगितली, मलाही भिंतीवरून सांगितली. मी "वा, वा" म्हणालो आणि आत जाऊन स्वतःवर चरफडलो. सांगणं माझं काम नव्हतं, पण न सांगणंही घशाखाली उतरत नव्हतं. तिच्या गाईडने, भार्गव सरांनी, लगेच हुरळू नकोस, देठांची तपासणी होऊ दे, असं सांगितलं होतं. पपईत वरून ठराविक पानाचा देठ घेऊन लॅबमध्ये तपासला की झाडाच्या पोटात किती काय गेलं ते कळतं. तिने देठ पाठवले आणि गुणगुणत घरात फिरू लागली.

धर्मपाल मात्र वाळत चालला. टपरीवर येणं त्याने बंद केलं. मास्तर कुठे गेले, असं टपरीवाला विचारायचा. भावना जेवताना पपईचा विषय काढायची आणि तो ताटातून उठायचा. एकदा ती शांतावहिनींना सांगत होती की या शोधात अर्धा वाटा बाबांचा, त्यांनी पाणी दिलं नसतं तर प्रयोग मेला असता. तो मागच्या अंगणात जाऊन उगीच नळ सोडून उभा राहिला. वहिनींना वाटलं, याला पोटाचा काही आजार झाला. त्या त्याला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. तो डॉक्टरकडेसुद्धा गेला, पण खरं बोलला नाही. मला त्याचा इतका राग यायचा की मीही त्याच्याशी बोलणं कमी केलं. माणूस लाजेने सुधारतो म्हणतात. मी तर पाहिलं की लाजेने तो आणखी गप्प होतो.

जानेवारीत तपासणीचा निकाल आला आणि भार्गव सरांनी भावनाला बोलावून घेतलं. ती दुपारीच परत आली, डोळे सुजलेले. मी तेव्हा त्यांच्याच ओसरीवर बसलो होतो. सरांनी तिला सरळ विचारलं होतं. शून्याच्या झाडांत स्फुरद होतं तेवढंच, पालाश होतं तेवढंच, आणि नत्र मात्र कितीतरी वाढलेलं. जमीन एकट्या नत्राचा असा दानधर्म करत नाही. नुसतं नत्र म्हणजे युरिया पडलाय. कुणी टाकला? काहीतरी वेगळं सापडलं असं दाखवायची घाई झाली होती का?

"उनको लगता है मैंने डाला," ती आईला म्हणाली. "मैंने! बोले, सच बता दो तो साल जाएगा, झूठ बोला तो नाम जाएगा। मैंने बोला, सर, मेरे पूरे बीमारी के टाइम मेरे बाबा वहाँ थे। उनके रहते कोई एक पत्ता नहीं छू सकता।" मग ती बापाकडे वळली. "बाबा, आप चलो। आप ख़ुद सर को बताओ।"

मी धर्मपालकडे बघितलं. मनात म्हटलं, बोल रे, आता तरी बोल. त्याने तोंड उघडलं. शांतावहिनी तावातावाने म्हणाल्या, "जा ना, सांग त्या सरले, माही पोट्टी अशी नाही म्हणून!" आणि याचं तोंड मिटलं. त्याने चपला घातल्या आणि साक्ष द्यायला निघाला. मला उठून त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

पुढचं सगळं मला त्याने सांगितलं, तेही तुकड्यातुकड्याने, कितीतरी दिवसांनी.

स्कूटरवर भावना मागे बसली होती. त्याला वाटलं, ओव्हरब्रिजवर सांगू. तिथे ट्रक होते. वाटलं, तेलीबांध्याच्या तलावाशी स्कूटर थांबवू आणि सांगू. तलाव आला आणि गेला. भावना मागून त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "टेन्शन मत लो बाबा, आपको देखते ही सर समझ जाएँगे।" मग फार्मचं फाटक आलं, कॉलेज आलं, जिना आला.

भार्गव सर साधे गृहस्थ निघाले. उठून उभे राहिले, "आइए रामटेके जी, बैठिए" म्हणाले. धर्मपाल बसला नाही. भावना बापाच्या शेजारी ताठ उभी राहिली.

"बताओ बाबा। किसी ने हाथ लगाया क्या?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. त्याने तिच्याकडे बघितलं नाही, सरांकडेही नाही. टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत तो म्हणाला, "मैंने डाला, साहब। युरिया। सब ज़ीरो वाले में। इसको मालूम नहीं है।"

मग सरांनी हळूच विचारलं, "क्यों?"

आता सरांना काय सांगणार? मालगुजाराचं लग्न सांगणार, की बुंदीची परात? तो एवढंच म्हणाला की झाडं उपाशी दिसत होती, पाहवलं नाही. आणि ते शब्द बाहेर पडताच त्याला स्वतःलाच ते इतके पोरकट वाटले की त्याने मान आणखी खाली घातली. सर खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट सुटल्यासारखं दिसत होतं. आपली विद्यार्थिनी खोटी नाही, हे त्यांना कळलं होतं. पण धर्मपालला त्या सुटकेचा उपयोग नव्हता. त्याला शेजारून भावनाच्या श्वासाचा आवाज येत होता.

"सर, ग़लती मेरी है," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "मैंने बाबा को सब समझाया। दूरी क्यों, खाद क्यों, पत्ता क्यों नापते हैं। ज़ीरो क्यों रखते हैं, ये कभी नहीं बताया।"

सरांनी सांगितलं की मग हा हंगाम गेला. पुढच्या पावसाळ्यात परत लावायचं. तिने "जी सर" म्हटलं. धर्मपाल मला म्हणाला, "भाऊ, तिनं मले तिथंच दोन थापडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं माही चूक आपल्या अंगावर घेतली अन् मी तसाच उभा राह्यलो."

खाली पार्किंगमध्ये आल्यावरही ती काही बोलेना. हेल्मेट हातात घेऊन नुसती उभी. शेवटी त्यालाच राहवेना.

"भावना, रागाव ना मले."

"कैसे ग़ुस्सा करूँ?" ती म्हणाली. "अपना चेहरा देखो। आपको देखके मेरे मुँह से आवाज़ ही नहीं निकल रही।"

तेव्हा त्याला उमगलं की आपण एवढं पडलेलं तोंड घेऊन उभे आहोत, म्हणून पोरीला साधं चिडताही येत नाही. वर्ष तिचं गेलं होतं. नाव तिचं जाता जाता राहिलं होतं. आणि ती बिचारी बापाला सांभाळत होती. तो मुकाट्याने स्कूटरवर बसला, किक मारली आणि समोर बघत म्हणाला, "बस मागं. आता माहा चेहरा दिसत नाई तुले. बोल."

ती बसली. स्कूटर फाटकाबाहेर पडली. मग सुरू झाली.

आधी हळू, मग मोठ्याने. तापात दिलेली एक सूचना पाळता आली नाही का? इतके दिवस रोज समोर बसून जेवत होते, तेव्हा तोंड शिवलं होतं का? ती मूर्खासारखी सगळ्यांना सांगत सुटली, तेव्हा थांबवलं का नाही? आज घरातून निघतानाही बोलले नाहीत, सरांसमोर तिला ताठ उभं केलं आणि मग सांगितलं! तो प्रत्येक वेळी "हव" म्हणत होता. ती म्हणाली, "हव-हव मत करो!" तो गप्प झाला. ती म्हणाली, "अब चुप क्यों हो गए?"

तेलीबांध्याच्या सिग्नलला स्कूटर थांबली, पण ती थांबली नाही. आता ती रडतही होती.

"और वो भूखे नहीं थे, बाबा! किसने बोला भूखे थे? उन्हीं से तो बाक़ी सबको नापना था। पूरे खेत में सबसे ज़्यादा काम उनका था। आपने उनको बेचारा समझ लिया। आपने!"

धर्मपालला हे सगळ्यात जास्त लागलं. दुसऱ्या कुणी असं समजणं वेगळं, पण त्याने.

शेजारी एक मोटारसायकल उभी होती. त्यावरच्या माणसाने मान वळवून म्हटलं, "दीदी, ज़रा धीरे। बुज़ुर्ग आदमी हैं।"

"मेरे बाबा हैं, आप अपना देखो!" ती म्हणाली.

आजूबाजूचे चार जण बघू लागले. एका रिक्षातल्या बाईने डोकं बाहेर काढलं. धर्मपालने हेल्मेटची काच वर केली.

"बोलने दो, भैया," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "साल भर की मेहनत ख़राब की है मैंने इसकी।"

भावना क्षणभर चपापली. मग सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. उरला येईपर्यंत ती बोलत होती आणि तो ऐकत होता.